रुमी मस्तकीतला 'रूम'

गेल्या महिन्यात आईच्या चूर्णासाठी नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका काष्ठौषधींच्या दुकानात गेलो असता यादीतील 'रुमी मस्तकी' या नावाशी मी अडखळलो. मस्तकी म्हणजे एका झुडपाचा सुगंधी डिंक. उन्हाळ्यात सालीला बारीक चिरा पाडल्या की त्यातून थेंब पाझरतात आणि झाडाखाली पसरलेल्या पांढऱ्या मातीवर पडून वाळतात. हा माल मुख्यतः ग्रीसच्या खिऑस बेटाच्या दक्षिण भागातून येतो. मग त्याला 'ग्रीक' न म्हणता 'रुमी' का म्हणावे? दुकानदारांनी पुडी बांधता बांधता "पूर्वीपासून असंच म्हणतात, साहेब," एवढेच सांगितले. त्यांचे ते 'पूर्वी' बरेच दूरचे निघाले.

'रूम' म्हणजे रोम. परंतु इटलीतले नव्हे. इ. स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने बॉस्फरसच्या काठी, बायझँटियन या जुन्या ग्रीक गावाच्या जागी, कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) ही आपली नवी राजधानी वसवली आणि पाचव्या शतकात पश्चिमेकडील रोमची सत्ता कोसळल्यानंतरही ही पूर्वेकडील सत्ता, १२०४ ते १२६१ या परकीय अंमलाचा काळ वगळता, थेट २९ मे १४५३ पर्यंत त्या नगरीत टिकून राहिली. तिला आपण आज बायझंटाइन साम्राज्य म्हणतो. गंमत अशी की त्या साम्राज्यातील लोकांना हे नाव आपले म्हणून कधीच ठाऊक नव्हते. ते ग्रीक बोलत, पण स्वतःला 'रोमन' म्हणवत आणि देशाला 'रोमानिया'. 'बायझंटाइन' ही संज्ञा रुजू लागली ती हिएरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताने १५५७ मध्ये त्यांच्या इतिहासकारांचे ग्रंथ एकत्र छापले तेव्हापासून, म्हणजे साम्राज्य बुडून शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावर. एखाद्याचे बारसे त्याच्या श्राद्धानंतर व्हावे, तसाच हा प्रकार झाला.

या नावाबाबत ते लोक किती हळवे होते याचा एक किस्सा मला फार आवडतो. ९६८ मध्ये क्रेमोनाचा बिशप ल्यूटप्रांड हा जर्मन सम्राट ओटोचा वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपलला गेलेला असतानाच पोपचे एक पत्र दरबारात पोहोचले. त्यात सम्राट निकेफोरोस फोकासला 'ग्रीकांचा सम्राट' असे संबोधले होते आणि 'रोमनांचा सम्राट' ही पदवी ओटोला बहाल केली होती. दरबार इतका संतापला की पत्र आणणाऱ्या दूतांची रवानगी थेट तुरुंगात झाली. ल्यूटप्रांडलाही निघताना विकत घेतलेली जांभळी रेशमी वस्त्रे जकातवाल्यांच्या स्वाधीन करावी लागली, कारण तसे रेशीम परक्यांच्या हाती पडू देण्याची तेथे बंदी होती. त्याने घरी परतून लिहिलेला वृत्तांत म्हणजे शिव्याशापांचे भांडारच आहे. त्याच्या शब्दावर कितपत विसंबायचे हे त्यामुळे ज्याने त्याने ठरवावे.

'हेलेन' हे ग्रीकांचे प्राचीन नावही त्यांना शतकानुशतके नकोसे होते, कारण ख्रिस्ती झाल्यावर त्या शब्दाचा अर्थ 'मूर्तिपूजक' असा झाला होता. आपल्याकडे मात्र ग्रीकांना आयोनिया या ग्रीक प्रदेशावरून 'योन', 'योनक', 'यवन' म्हणत आले. नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतराव्या लेण्याच्या शिलालेखात दाता इंद्राग्निदत्त स्वतःला दात्तामित्री नगरीचा योनक म्हणवतो. एकाच भाषेच्या लोकांची ही इतकी नावे! १९१२ मध्ये लेम्नोस बेट तुर्कांकडून ग्रीसने घेतले तेव्हा तेथील मुले ग्रीक सैनिक पाहायला धावली, असे त्याच बेटावर जन्मलेले इतिहासकार पीटर चरानिस सांगत. काय पाहता आहात, असे सैनिकांनी विचारले तर मुले म्हणाली, हेलेन पाहतो आहोत. तुम्हीही हेलेनच ना, या प्रश्नावर उत्तर आले की नाही, आम्ही रोमन.

अरब आणि तुर्क मात्र या लोकांना त्यांच्याच शब्दाने, 'रूम' म्हणून, ओळखत राहिले. तुर्कांनी अनातोलिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा आशियाई भाग, जिंकल्यावर त्या भूमीलाही तेच नाव चिकटले. तेथील कोन्या शहरात राहिलेले सूफी कवी जलालुद्दीन 'रुमी' झाले आणि १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेणाऱ्या सुलतान मेहमदाने 'रूमचा कैसर' ही पदवी धारण केली. आपल्या बखरींत येणारे 'रूमशाम' याच वाटेने मराठीत आले. त्यातले शाम म्हणजे सीरिया.

तीच वाट नाशिकपासून फार लांब नसलेल्या अहमदनगरलाही येऊन पोहोचली होती. विजापूरच्या तटावरची मुलूख मैदान तोफ निजामशाहीसाठी नगरलाच ओतली गेली आणि ती घडवणाऱ्याचे नाव तोफेवर कोरलेले आहे : मुहम्मद बिन हसन रुमी. साल १५४९. वोल्फचा ग्रंथ छापून व्हायला तेव्हा अजून आठ वर्षे अवकाश होता.