अंगणातला चहा

गुहागरला आत्याच्या अंगणात दिवेलागणीला चहा घेऊन बसायचं, तर डासांपायी घोट्यांवर पाणी सोडायचं. आत्या कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करते. डास जातात की नाही देव जाणे, डोळे मात्र माझे चुरचुरतात. यंदा सरळ टेबलफॅनच बाहेर ओढला आणि वारा पायांवर सोडला. डास उडायला कच्चा, त्या वाऱ्यात टिकत नाही. वर फिकट रंगाची सैल पँट, मोजे, घोट्यांना ओडोमॉस.

"लग्नाला निघालास काय रे?" आत्या हसली.

सकाळी तुळशीमागे एक करवंटी दिसली. पावसाच्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या, आठवड्याभरात त्यांचेच डास! पालथी केली. डेंग्यूचा डास बहुतेक दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपाळ्यावरही मी मोज्यातच.