पोको एफ१, लिनिएज २० आणि मराठी: आईच्या हाती देण्याआधीचे तीन आठवडे

मागच्या नोंदीपर्यंत नवी बॅटरी बसवून झाली होती आणि फोन नीट सुरू होत होता. आता खरं काम. हा फोन आईकडे जायचाय आणि तिला इंग्रजी मेन्यू नकोत. म्हणून तीन आठवडे माझं सिम यात टाकलं, भाषा मराठी ठेवली आणि दुसरा फोन कपाटात बंद करून ठेवला. रोमची, म्हणजे फोनवर आपण वेगळी बसवलेल्या प्रणालीची, चाचणी आपण सगळेच घेतो, पण भाषा इंग्रजीच ठेवून. मीही आजवर तेच करत आलो. या वेळी कळलं की भाषा बदलली की तोच फोन बऱ्याच ठिकाणी वेगळा वागतो.

यंत्राबद्दल फार लिहीत नाही, आधीच्या नोंदींत आलं आहे. २०१८ चा पोको एफ१, स्नॅपड्रॅगन ८४५, ६.१८ इंची पडदा, ४००० एमएएचची बॅटरी. वर लिनिएज ओएस २० ही स्वयंसेवकांनी बांधलेली रोम, म्हणजे अँड्रॉइड १३. वेगाबद्दल काहीही तक्रार नाही. कॉल स्पष्ट, बोटाचा ठसा पटकन लागतो, हेडफोनची पिन थेट वर लावता येते. दिवस आरामात निघतो.

पहिल्या दिवशी भाषा बदलल्यावर मी सगळ्यात आधी ल आणि श बघितले. आपला ल दोन गोलाकार पाकळ्यांचा, हिंदीतला दंडाचा. आपला श गाठीचा, तिकडचा शेंडीचा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, मात्र दोन्ही रूपांचा क्रमांक एकच. कुठलं रूप दाखवायचं हे फाँट ठरवतो आणि मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे त्याला फोनने सांगावं लागतं. भाषा मराठी करताच सेटिंग्जमधले ल बदलले. इतका आनंद झाला की आईला हाक मारून दाखवलं. पण जी ॲप स्वतःचा फाँट घेऊन येतात त्यांत दंडाचा ल तसाच राहिला. एकाच पडद्यावर वर नोटिफिकेशनमध्ये आपला ल आणि खाली ॲपमध्ये दुसरा. वाचायला अडत नाही, पण लहानपणी पाटीवर गिरवलेलं अक्षर आणि पडद्यावरचं अक्षर एकच असावं असं मला मनापासून वाटतं. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा त्यात ल आणि श यांची रूपं ठरवून दिली होती, ती उगाच नव्हे.

मग आकडे. मराठी लावल्यावर घड्याळ, बॅटरीची टक्केवारी, तारीख सगळं देवनागरी आकड्यांत येतं. हिंदी लावलं तर तसं होत नाही, कारण हिंदीसाठी ठरलेले आकडे इंग्रजी वळणाचे आहेत आणि मराठीसाठी देवनागरी. सकाळी उठल्यावर पडद्यावर ६:४५ दिसणं फार छान वाटतं. डायलपॅडवरचे आकडे मात्र इंग्रजीच राहिले. आईला दोन्ही येतात, त्यामुळे ते सोडून दिलं.

आठव्या दिवशी याच आकड्यांनी अडवलं. तिकीट काढायच्या एका ॲपमध्ये तारीख निवडली की 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच येत होतं. नेट ठीक, ॲप ताजं, कॅशे पुसून झाली, तरी तेच. शेवटी फोनची भाषा इंग्रजी केली आणि तिकीट एका झटक्यात निघालं. पुन्हा मराठी केली, पुन्हा अडलं. माझा अंदाज असा: जावामध्ये, म्हणजे ॲप लिहायच्या भाषेत, आकड्याचा मजकूर करायचं नेहमीचं फंक्शन, भाषा वेगळी सांगितली नाही तर, फोनची भाषा घेतं. म्हणजे मराठी फोनवरून सर्व्हरकडे तारीख जाते ती इंग्रजी आकड्यांतल्या 2024 ऐवजी देवनागरीतल्या २, ०, २, ४ या चिन्हांत, आणि सर्व्हरला ती तारीखच वाटत नाही. ज्याने ॲप लिहिलं त्याने ते मराठी फोनवर कधी उघडून बघितलं नसणार.

उपाय हाताशी होता. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. सेटिंग्जमधल्या त्या यादीत हे ॲप नव्हतं, कारण ज्या ॲपने आपल्या भाषा जाहीर केल्यात तीच तिथे येतात. फोन केबलने संगणकाला लावला, एडीबीमधून (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचं साधन) भाषा ठरवणाऱ्या लोकेल सेवेला आज्ञा देऊन त्या एका ॲपची भाषा इंग्रजी केली. बाकी फोन मराठीतच. त्यानंतर दोनदा तिकीट काढलं, दोन्ही वेळा निघालं. तुमच्याकडे मराठी लावल्यावर एखादं ॲप विनाकारण रुसत असेल तर सगळ्यात आधी हे करून बघा.

अक्षरं कापली जाण्याचा प्रश्न सगळ्यात चिवट. आईसाठी मजकूर मोठा ठेवायचाच आहे. मोठा केला की काही ॲपमध्ये बटणांवरचे अनुस्वार वरून उडतात आणि उकार खालून. 'नंतर'चं 'नतर' झालं. 'सुरू करा'मधला रू खालून इतका छाटला गेला की उकार ऱ्हस्व की दीर्घ ते कळेना. आपल्या लिपीला शिरोरेषेच्या वरही जागा लागते आणि पायाखालीही. 'वर्षांपूर्वी' हा एक शब्द घ्या, त्यात वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार, सगळं आहे. लॅटिन अक्षरांच्या मापाने ओळीची उंची धरली की हा शब्द मावत नाही. अँड्रॉइड १३ ने लिपीप्रमाणे ओळीची उंची बदलायची सोय केली आहे, पण ती मिळते १३ साठी बांधलेल्या ॲपना. जुन्या पद्धतीने बांधलेली ॲप तशीच कापतात. सध्या मी अक्षर एक पायरी खाली आणलं आणि 'डिस्प्ले आकार' एक पायरी वर नेला. त्याने बटणं मोठी होतात आणि कापाकापी बरीच कमी होते. पूर्ण थांबलेली नाही.

टायपिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड मला सवयीचा, पण आईच्या उपयोगाचा नाही. तिच्यासाठी देवनागरी मांडणीचा लावला. तीन दिवस मीही त्यावरच लिहिलं आणि आता परत जावंसं वाटत नाही. कारण एकच: दऱ्या आणि दर्या. इंग्रजी अक्षरांत दोन्ही सारखेच उमटतात आणि कीबोर्ड बहुतेक वेळा समुद्र पुढे करतो. सह्याद्रीतल्या दऱ्यांबद्दल लिहिताना हे दर वेळी निस्तरावं लागतं. देवनागरी मांडणीवर र दाबून धरला की ऱ मिळतो. तो घ्यायचा, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य. तीन टिचक्या आणि अंदाजाचं काम नाही. संगणकावर इनस्क्रिप्ट ही देवनागरी मांडणी वापरणाऱ्यांना ही रीत ओळखीचीच वाटेल, तिथेही शिफ्टसह र दाबून हाच ऱ येतो.

बोलून लिहायची सोय मराठीत २०१७ च्या ऑगस्टपासून आहे. आईने पहिल्याच वेळी 'संध्याकाळी येताना कोथिंबीर आण' असं सांगितलं आणि ते जसंच्या तसं उमटलं. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. नंतर मिक्सर चालू असताना सांगितलं तेव्हा मात्र अर्ध वाक्य गळलं.

आता ज्या गोष्टीने माझे दोन शनिवार घेतले ती. आईच्या जुन्या फोनमधले नंबर यात आणले आणि तिला म्हटलं, मामाला फोन लाव. नाव 'दादा कऱ्हाड' असं ठेवलेलं. तिने शोधच्या चौकटीत कऱ्हाड लिहिलं. काही नाही. यादी सरकवत खाली गेलो तर नाव समोर होतं, अक्षरन् अक्षर तेच. मग मी 'ॲम्ब्युलन्स' शोधून बघितलं, आमच्या भागातल्या रुग्णवाहिकेचा नंबर त्या नावाने आहे. तेही नाही. इथे मात्र मी घाबरलो. मामाला पाच मिनिटांनी फोन केला तरी चालतो.

नावं एका छोट्या प्रोग्रॅममधून घालून एकेका अक्षराचा क्रमांक छापून बघितला. जुन्या फोनने कऱ्हाडमधला अर्धा र लिहिला होता तो साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह २००डी अशा तीन तुकड्यांनी. नवा कीबोर्ड लिहितो ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण फोनच्या शोधाला ते दोन वेगळे शब्द. ॲचंही तसंच. युनिकोडमध्ये ०९७२ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये आलं. त्याआधीची रीत अ वर चंद्र देण्याची, ०९०५ आणि ०९४५. युनिकोड या दोन्हींना एकच मानत नाही, त्यामुळे फोनही मानत नाही.

नंबरांची फाइल बाहेर काढली. ती साध्या एडिटरमध्ये वाचता येत नाही, प्रत्येक मराठी अक्षर = या चिन्हाने जोडलेल्या सांकेतिक जोड्यांत असतं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ती उलगडली, दोन्ही जागी जुन्याऐवजी नवं घातलं, जोडचिन्ह काढलं, पुन्हा बांधली. फोनमधले सगळे नंबर पुसण्याआधी मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवली, तुम्हीही ठेवा. प्रोग्रॅम चौदा ओळींचा आहे, कुणाला हवा असेल तर देतो.

काल संध्याकाळी फोन आईला दिला. तिने चष्मा लावला, कऱ्हाड लिहिलं, नाव वर आलं. पंचवीस मिनिटं चालल्या होत्या दोघांच्या गप्पा. ॲम्ब्युलन्सचा नंबर मी पहिल्या पडद्यावर वेगळा ठेवला आहे, शोधावाच लागू नये म्हणून. कापल्या जाणाऱ्या अनुस्वारांची यादी करतोय, ॲपचं नाव आणि पडद्याचा फोटो असं. तुमच्या फोनवर दिसले तर तुमचेही फोटो द्या, सगळे एकत्र करून त्या त्या ॲपवाल्यांना पाठवतो.