दोष नसलेलं इंजिन

"बंद नाय पडलं साहेब. पेट्रोल संपायला आल्यावर गाडी गचके देते ना, तसं केलं आन् मग बसलंच खाली," बांधावर उभे असलेले शेतकरी काका सांगत होते. गुडघाभर चिखलात, भाताच्या खाचरात आमचं आर-44 हेलिकॉप्टर पोटावर बसलं होतं. स्किड, म्हणजे खालच्या पायपट्ट्या, फाकलेल्या, शेपूट तुटून बाजूला पडलेलं. सप्टेंबरातली दमट सकाळ होती, पाऊस नुकताच थांबलेला. कॅप्टनना मणक्याच्या फ्रॅक्चरनं रुग्णालयात नेलं होतं. मागची दोन माणसं खरचटण्यावर निभावली.

मी मेंटेनन्स इंजिनियर. तपास अधिकारी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नसतो, त्यामुळे दोन तास नुसतं बघत उभा होतो. बघूनही बरंच कळतं. दोन्ही पाती वरच्या बाजूला वाकली होती. एकानं शेपूट कापलं होतं, दुसऱ्याचं टोक मात्र जवळपास शाबूत. म्हणजे जमिनीला टेकताना रोटरमध्ये वेग उरलाच नव्हता. या हलक्या रोटरचं हेच वाईट. इंजिनाची ताकद गेली की कलेक्टिव्ह, म्हणजे पात्यांचा कल बदलणारा दांडा, क्षणात खाली करावा लागतो, तरच खालून येणारी हवा पाती फिरती ठेवते. फेरे 97 टक्क्यांवर आले की हॉर्न वाजतो, पण पाचशे फुटांवरून खाली यायला जेमतेम वीस सेकंद मिळतात. त्यात खाचर निवडायचं, वाऱ्याकडे तोंड करायचं आणि शेवटी अलगद टेकवायचं. शेवटचं तेवढं जमलं नाही. तरी तिघं जिवंत आहेत, त्यामुळे कॅप्टननी काय चुकवलं हे बांधावरून सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

मग कामाला लागलो. टाकीतून बाटलीत पेट्रोल काढलं. स्वच्छ निळं, तळाला पाण्याचा थेंब नाही. प्लग राखाडी-तपकिरी, जसे हवेत तसे. ठिणगीला वीज देणारा मॅग्नेटो ठीक, कॉम्प्रेशन ठीक. पुढच्या आठवड्यात इंजिन टेस्ट बेंचवर चढवलं तर दुसऱ्याच प्रयत्नात सुरू झालं आणि सुरळीत चाललं. शेजारी उभा असलेला पोरगा खूश होऊन म्हणाला, "सर, एकदम ओके आहे!" माझ्या मात्र पोटात गोळा आला.

कार्बोरेटरमध्ये, जिथे पेट्रोल हवेत मिसळतं, पेट्रोलची वाफ होताना आतली हवा वीस-तीस अंशांनी गार होते. हवा दमट असेल तर बाहेर पंचवीस अंश असतानाही कार्बोरेटरच्या घशात बर्फ धरतो आणि इंजिनाला हवाच पुरत नाही. आपल्याकडे, पावसाळ्यात, बर्फ? नवीन पोरांना हसू येतं. फेरे स्थिर ठेवणारा गव्हर्नर आपणहून थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडत राहतो, त्यामुळे फेरे कायम दिसतात आणि बर्फ साठतोय याचा पायलटला पत्ता लागत नाही. लागतो तेव्हा थ्रॉटल पूर्ण उघडलेला असतो. अपघातानंतर गरम इंजिनाच्या धगीनं तो बर्फ वितळून जातो. पुरावाच शिल्लक राहत नाही.

राहिला होता फक्त कार्ब हीटचा, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देण्याचा नॉब. या मशिनमध्ये कलेक्टिव्ह खाली केला की कार्बोरेटरला गरम हवा थोडीफार आपोआप मिळते, पण नॉब दाबून लॉक केला असेल तर नाही. आमचा लॉक होता. अधिकाऱ्यांनी सगळ्यात आधी त्याचाच फोटो काढला होता.

दहा दिवसांनी कॅप्टनना भेटायला गेलो. उताणे पडून होते. "काय सापडलं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही सर. इंजिन चालतंय."

ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नॉब?"

मी मान हलवली. त्या दिवशी सकाळचा ग्राउंड रन, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून बघणं, मी केला होता. नॉब मी लॉक करून उतरलो, की नंतर त्यांनी केला, हे त्यांनाही आठवत नव्हतं आणि मलाही नाही. जबाबात मी तसंच लिहून दिलं.