कबड्डीची लीग आणि वीस टक्के

19 ऑक्टोबर 2022. दिवाळी तोंडावर, आम्हा करसल्लागारांची आयकर रिटर्नची धांदल, आणि समोर एका जिल्हा कबड्डी संघटनेचे अध्यक्ष. संघटना धर्मादाय म्हणून नोंदलेली, करमाफी असलेली. आधीच्या मोसमात त्यांनी पहिल्यांदाच लीग भरवली होती: खेळाडूंचा लिलाव, संघमालकांची फी, मैदानाभोवती जाहिरातींचे फलक, वर तिकीट. एकूण जमा 22 लाख, त्यातली 13 लाख लीगची. ही माफी टिकेल का, अशी शंका मी त्यांना आधीच बोलून दाखवली होती.

त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. प्रकरण अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाचं, पण सोबत राज्य क्रिकेट संघटनांचेही दावे होते. लोकोपयोगी कामासाठी (खेळाचा प्रसार त्यातच मोडतो) नोंदलेल्या संस्थेची धंदेवाईक जमा एकूण जमेच्या 20 टक्क्यांच्या आतच हवी, हे कोर्टाने ठामपणे सांगितलं. क्रिकेट संघटनांना मिळणारा प्रक्षेपण हक्कांचा पैसा नव्याने तपासा, असाही आदेश दिला.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, मग आयपीएलचं काय?"

प्रश्न रास्तच होता. आयपीएलचे संघ कंपन्यांचे आहेत, ते कर भरतात. वाद आहे तो बीसीसीआयच्या माफीचा. नोव्हेंबर 2021 मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने बोर्डाची बाजू मान्य केली होती. स्पर्धा लोकप्रिय झाली, पैसा जास्त आला, एवढ्यावरून क्रिकेटचा प्रसार हा मूळ हेतू संपत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण तो निकाल माफीसाठीच्या नोंदणीपुरता होता. दरवर्षीच्या जमेची कसोटी वेगळी.

मला खरी टोचणी लागली ती मर्यादेची. पूर्वी ही मर्यादा 25 लाख रुपये होती. 2016-17 या करनिर्धारण वर्षापासून तिच्या जागी टक्केवारी आली. जुन्या नियमात अध्यक्षांची संघटना सहज सुटली असती. आता कोट्यवधींची जमा असलेल्या संस्थेला तिच्या पाचव्या हिश्शाएवढी मोकळीक, आणि वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेने एक लीग भरवली की ती बाद. मोठ्या लीगांवर कर लावा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. अमेरिकेतल्या फुटबॉल लीगने, एनएफएलने, 1966 च्या कायद्यात 'व्यावसायिक फुटबॉल लीग' अशा शब्दांत नोंदलेली माफी 2015 मध्ये आपणहून सोडली. तिला ते झेपतं. पण जिथे पंचांचं मानधन आणि मुलींच्या संघाचा प्रवासखर्च हाच सगळा हिशोब, तिथे हे माप चुकीचं आहे.

त्यात मॅटचा घोळ. लीगच्या पैशातून त्यांनी नवी मॅट घेतली होती. माफी असती तर ती रक्कम धर्मादाय खर्चात धरली गेली असती. माफी गेली की तो भांडवली खर्च. वजा होतो तो फक्त घसारा, म्हणजे किमतीचा त्या वर्षापुरता हिस्सा. म्हणजे हातात रुपया नाही, तरी कागदावर शिल्लक आणि त्यावर कर.

"मुलं आता मातीवर खेळायला तयार नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "मॅट राहू दे. कर किती ते सांगा."

कराची रक्कम कार्यकारिणीतल्या चौघांनी खिशातून जमवली. मुदतीच्या आत आम्ही रिटर्न भरलं, माफी न मागता.