सुई लाल रंगात का नको

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गणपतीत भेट झाली की कुणीतरी विचारतंच, "काका, कॅसेटचं मशीन सोडून कॉम्प्युटरवर आलात, तर काय बदललं? आम्हालाही घरी रेकॉर्डिंग सुरू करायचंय, काय काय घ्यावं लागेल?" घ्यायचं काय ते पुढे सांगतो, ते फारसं नाही. सोडायचं काय, ते आधी सांगायला हवं, कारण मला ते फार उशिरा कळलं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्याच्या माडीवर चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणारं, कॅसेट मशीन होतं. टास्कमने 1979 साली पहिलं पोर्टास्टुडिओ काढलं, त्याच जातीचं, सेकंडहँड घेतलेलं. साध्या कॅसेटच्या दोन बाजूंवर मिळून चार पट्ट्या असतात. हे मशीन त्या चारही एकाच दिशेने वापरतं, शिवाय टेप दुप्पट वेगाने पळवतं. म्हणजे 60 मिनिटांच्या कॅसेटवर हाती लागायची 15 मिनिटं. तानपुरा, तबला, पेटी आणि गळा असे चार ट्रॅक झाले की संपलं. ग्वाल्हेर घराण्याचा तिलवाडा तालातला बडा ख्याल तसा फार संथ नसतो, तरीही 15 मिनिटांत तो मांडायचा म्हणजे ओढाताण. आत्या गायची तेव्हा मी समोर बसून बोटांनी खूण करायचो, पाच राहिली, दोन राहिली. ती डोळे मिटून गायची, तिला कुठलं दिसायला!

टेपला स्वतःची एक खरखर असते. ती कमी करणारं बटण मशीनवर होतं, पण ते दाबलं की तानपुऱ्याच्या जवारीची, म्हणजे तारांच्या झणकाराची, चमक गेल्यासारखी वाटायची, म्हणून मी ते बंद ठेवायचो. मग खरखर झाकायला उपाय एकच, आवाज जेवढा मोठा भरता येईल तेवढा भरायचा. मशीनवरची आवाजाची पातळी दाखवणारी सुई लाल रंगाला शिवली तरी टेप सांभाळून घ्यायची. फितीवरचे चुंबकीय कण भरत जातात तसा आवाज हळूहळू दबतो, थोडा जाडसर होतो, आणि कानाला तो गोडच लागतो. टेपचा आवाज 'ऊबदार' म्हणतात, त्यातलं बरंचसं हेच.

कॉम्प्युटर घेतला, ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणारी डबी) जोडला आणि पहिल्याच दिवशी आत्याला बसवलं. तेव्हा तिचं वय 74. राग हमीर गायली. सवयीने मी पातळी अगदी वरपर्यंत चढवून ठेवली होती. आमच्याकडची गायकी मोकळ्या गळ्याची. मध्य सप्तकात निवांत चाललेला आवाज तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, जातो तेव्हा दुपटीने उघडतो. तिने तो षड्ज लावला आणि पडद्यावर लाल दिवा लागला. मला वाटलं, लागू दे.

नंतर तो भाग पडद्यावर मोठा करून पाहिला. आवाजाच्या लाटांची गोल टोकं सुरीने कापल्यासारखी सपाट झाली होती. कॉम्प्युटर आवाजाचे आकडे लिहितो आणि आकड्यांना कमाल मर्यादा असते, शून्य डेसिबल. त्याच्या वर काही लिहिलंच जात नाही. ऐकताना षड्जाच्या जागी फाटलेल्या पत्र्यासारखं काहीतरी वाजत होतं. असं कापलेलं टोक अंदाजाने जोडून देणारी सॉफ्टवेअर मिळतात. मी ती वापरून पाहिली. आवाज सुधारला, पण तो आत्याचा वाटेना. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गायली, चांगलंच गायली, पण आदल्या दिवशीचा हमीर काही परत आला नाही.

म्हणून सांगतो, ही सवय सोडा. 24 बिटवर, म्हणजे बारीक आवाजही नीट टिपणाऱ्या मोजणीवर, रेकॉर्ड करा आणि सर्वात मोठा स्वरसुद्धा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. एरवीचं गाणं उणे 18 च्या जवळ राहू द्या. पडद्यावर लाटा बारीक दिसतील, दिसू देत. खाली झाकायला खरखरच नाही, आवाज नंतर हवा तेवढा वाढवता येतो. आणि पातळी ठरवताना गाणाऱ्याला हॅलो हॅलो म्हणायला लावू नका, तार षड्ज लावायला सांगा.

दुसरी अडचण हेडफोनमधली. माइकमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत यायला वेळ लागतो. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा, 1024 सॅम्पलचा (आवाजाच्या 1024 आकड्यांचा) ठेवला तर 48 किलोहर्ट्झला (सेकंदाला 48 हजार आकडे) नुसत्या जाण्यातच 21 मिलिसेकंद जातात, येण्याचे वेगळे. स्वतःचा आवाज असा मागून आला की गाणाऱ्याची लय बिघडते आणि दोष बिचाऱ्या तबलजीला लागतो. बफर 128 वर आणा, नाहीतर इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरिंगने माइकचा आवाज थेट कानात द्या. सॉफ्टवेअरमधली ठोक्यांची जाळी (सारख्या अंतरावरच्या ठोक्यांच्या रेषा) हीही बंद करा. ख्यालाची लय श्वासाबरोबर थोडी पुढेमागे होते, ती चौकोनात बसवायला गेलात तर गाणं मरतं.

आता घ्यायचं काय? दोन इनपुटचा आणि 48 व्होल्ट फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) देणारा इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, बंद कपांचा हेडफोन. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर घ्या, सुरुवातीला ऑडॅसिटी फुकट आहे, तेही चालेल. उरलेले पैसे खोलीवर घाला. जाड पडदे, गाद्या, पुस्तकांचं कपाट. कॅसेटच्या खरखरीत पंखा लपून जायचा, आता तो अगदी स्पष्ट ऐकू येतो. मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा 45 च्या वर जातो, तेव्हा कूलर बंद करून गाणाऱ्याला बसवणं म्हणजे छळच. मी उन्हाळ्यात पहाटेच रेकॉर्ड करतो.

आणि प्रत काढून ठेवा. स्टिरिओ, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ म्हणजे तासाला साधारण 1 जीबी. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. माझी इंदूरला बहिणीकडे असते.

एखाद्या रविवारी माडीवर या, सकाळी सातच्या आत, महाराज बाड्याच्या चौकातली रहदारी सुरू व्हायच्या आधी. आधी आत्याची कॅसेट ऐकवतो, मग तो फाटलेला षड्ज.