पाण्याला भिणारे आबा

तेरावा उरकला. मंडप सुटला, आचारी भांडी घेऊन गेला, पाहुणे पांगले. मला मात्र झोप नाही. आबांना पोहता येत नव्हतं, हे डोक्यातून जातच नाही.

कागलचे काका, आबांच्याच पलटणीतले, पंगतीत सहज बोलून गेले. "ब्रह्मपुत्रा ओलांडताना तुझा बाप माझा पट्टा गच्च धरून बसला होता. होडी हलली की डोळे मिटायचा. पाण्याला लई भ्यायचा."

जमालपूर आम्हाला पाठ आहे. 1971 ची बांगलादेशातली लढाई, आबांची जंगी पलटण म्हणजे पहिली मराठा, गावाच्या दक्षिणेचा रस्ता अडवून बसलेले मराठे. शरण या म्हणून ब्रिगेडियर क्लेरांनी धाडलेलं पत्र, त्यावर पाकिस्तानी कर्नलचं उत्तर, आणि उत्तरात गुंडाळलेली बंदुकीची गोळी. मग 10 डिसेंबरच्या रात्री वेढा फोडायला निघालेले पाकिस्तानच्या बलुच पलटणीचे जवान, ते थेट आमच्या मोर्च्यांवर. दर डिसेंबरला आबा सांगायचे आणि भाच्यांचे घास हातातच राहायचे. त्यात होडी असायची. होडीत घाबरलेलं कोणी नसायचं.

आणि याच माणसाने आम्हा भावंडांना पहिलीत जायच्या आत विहिरीत ढकललं! पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा, तरंगायला बांधायचा बिंडा, कमरेला दोर, दोराचं टोक त्यांच्या मनगटाला दोन वेढे देऊन. मी रडून मळा डोक्यावर घेतला तरी ऐकलं नाही. एरवी कधी आवाज चढला नाही त्यांचा. सुट्टीवर आले की आमच्या वेण्या तेच घालायचे, आईला सकाळचा चहा हातात द्यायचे. विहिरीवर मात्र हवालदार.

मला काकांचा हेवा वाटला. अजून वाटतोय. माझ्या बापाची भीती त्यांना ठाऊक, आणि माझ्या वाट्याला नुसती शौर्याची गोष्ट. मेडलं भावाकडे गेली, त्याचं काही वाटलं नाही. हे मात्र मला हवं होतं. शेवटच्या आजारपणात रात्र रात्र उशाशी बसायचे मी. तेव्हा तरी... जाऊ दे.

आज चुलीपुढे बसून आईला सांगितलं. तिने भाकरी थापायची थांबवली नाही.

"ठाऊक आहे. मीच शिकवलं त्यांना."

आईचं माहेर कृष्णाकाठचं. लढाईनंतरची पहिली सुट्टी, नवं लग्न. दुष्काळ पडायच्या आधीची गोष्ट, विहिरीला अजून पाणी होतं. पहाटे मळ्यात कोणी यायच्या आत ती नवऱ्याला विहिरीवर न्यायची. सासूला वाटायचं, सून गवताला गेलीय.

"बिंडा माझ्या भावाचा," एवढंच वर म्हणाली.

आईचा हेवा करवत नाही. तिच्याकडे होतं म्हणजे घरातच होतं. काकांना मात्र उद्या फोन करून हे सांगणार आहे, त्यांना नक्कीच ठाऊक नसेल.

भाऊ धाकट्याला पोहायच्या क्लासला घालायचं म्हणतोय. मी नको म्हटलं. मे महिन्यात आमच्याच विहिरीत उतरवू, दोर मी धरते. आई म्हणाली, आधी गाळ काढून घ्या, दोन वर्षं उपसा झाला नाही.