लस टोचल्यानंतरचे झटके

बारा-चौदा वर्षांच्या मुलीला लस टोचल्यावर काही मिनिटांतच ती कोसळते आणि तिच्या हातापायांना झटके येऊ लागतात, तेव्हा पाहणाऱ्याच्या तोंडून ‘फिट आली’ हेच शब्द निघतात; परंतु बहुतेक वेळा ती अपस्माराची फिट नसते. सुईच्या भीतीने किंवा वेदनेने हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब एकदम उतरतो, मेंदूला रक्त अपुरे पडते आणि शुद्ध हरपलेले शरीर काही सेकंद ताठरते, थरथरते. त्याआधी चेहरा पांढराफटक पडतो, घाम फुटतो आणि आडवे केल्यावर मूल लवकरच भानावर येऊन आईला ओळखते.

अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आणि खुर्चीत धरून तर मुळीच बसवू नये, कारण त्याने मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटून झटके लांबतात. मुलीला सपाट झोपवून पाय थोडे उंच करावेत. लशीनंतर थांबण्याचा अर्धा तासही बसून किंवा पडूनच काढावा, कारण मोठी इजा होते ती डोके फरशीवर आपटल्याने. झटके पाच मिनिटे चालू राहिले, किंवा अंगावर गांध्या उठून श्वास अडकू लागला, तर मात्र क्षणही न दवडता डॉक्टरांना बोलवावे. गांध्या आणि धाप ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे असून तिथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शनच लागते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस २०२३ मध्ये आली, तेव्हापासून ओळखीच्या आया मला जपानी मुलींच्या झटक्यांच्या चित्रफितींविषयी विचारतात. जपानने एप्रिल २०१३ मध्ये एचपीव्ही लस (म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूवरील, याच प्रकारची लस) नियमित लसीकरणात घेतली आणि या तक्रारींनंतर जूनमध्येच तिची शिफारस थांबवली. सुमारे सत्तर टक्के मुली घेत असलेली लस पुढे एक टक्काही मुली घेईनात. त्या मुलींचा त्रास खरा होता, त्यांना ढोंगी म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते. पण नागोया शहरातील सुमारे तीस हजार तरुणींच्या पाहणीत २४ लक्षणे तपासली गेली, तेव्हा लस घेतलेल्यांत ती न घेतलेल्यांपेक्षा अधिक आढळली नाहीत. शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडले, आणि मधल्या वर्षांत लशीला मुकलेल्या तरुणींसाठी सरकारला वेगळी मोफत सोय करावी लागली.